कॅम्पिंग ट्रेलरचं दार लागत नाही, किंवा लागून पुन्हा उघडतं: नवं लॅच आणण्याआधी काय काय तपासायचं

मालाचा बंद ट्रेलर घेऊन त्यात गादी, ओटा, दिवे बसवले की पहिली तक्रार येते ती दाराची. मालाच्या दाराचं काम सोपं असतं. सकाळी उघडायचं, संध्याकाळी बाहेरून दांडा ओढून बंद करायचं. कॅम्पिंगला गेल्यावर तेच दार दिवसभर उघडझाप होत असतं, निम्म्या वेळा आतून, आणि रात्री झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातून. म्हणून लोक बाजूच्या दाराला नवं लॅच बसवतात आणि दुखणं तिथून सुरू होतं.

नाशिकमध्ये असे ट्रेलर आणि पिकअपच्या बंद बॉड्या माझ्याकडे सतत याच कामासाठी येतात. मालक बहुतेक वेळा दुसरं नवं लॅच विकत घेऊनच आलेले असतात. ते लॅच बहुतेक वेळा पाकिटातून बाहेर काढावंच लागत नाही, कारण बिघाड लॅचमध्ये नसतो. तो दाराच्या लटकण्यात, रबरात, आतल्या रॉडमध्ये किंवा ट्रेलर उभा करण्याच्या पद्धतीत असतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी खालच्या क्रमाने बघा. सुरुवातीच्या तपासण्या फुकटच्या आहेत.

लक्षणं

तुमचं दार यातलं नेमकं काय करतंय ते आधी ठरवा.

– जोरात आपटल्याशिवाय लागत नाही.
– लागल्यासारखं वाटतं, हाताने ओढलं तरी उघडत नाही, पण खड्ड्यातून किंवा घाटातून गेल्यावर उघडलेलं सापडतं.
– घरासमोर व्यवस्थित लागतं, कॅम्पवर जॅक लावले की लागत नाही.
– उन्हाळ्यात ठीक असतं, पावसाळ्यात घासतं आणि अडकतं.
– बाहेरून उघडतं, आतून उघडत नाही. (हे लक्षण असेल तर दुरुस्ती होईपर्यंत त्या ट्रेलरमध्ये झोपू नका.)
– हँडल ओढल्यावर ते आपोआप जागेवर परत येत नाही.
– लॅच लागलेलं असतानाही दार खडखडतं, किंवा लॅचच्या खाली प्लायवर पाण्याचा ओघळ दिसतो.

दुरुस्ती होण्याआधी ट्रेलर रस्त्यावर न्यावाच लागला तर दाराला बाहेरून कडी-कोयंडा लावून कुलूप घाला, किंवा माल बांधायचा रॅचेट पट्टा दारावरून आडवा आवळा. कसारा घाटात उतारावर उघडलेलं दार शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीच्या उंचीला येतं. बाहेरून कुलूप फक्त ट्रेलर रिकामा असताना लावायचं. ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये तसंही कुणाला बसवायचं नसतं, पण मुलं खेळता खेळता आत शिरतात. त्यामुळे कुलूप लावण्याआधी आत डोकावून, हाक मारून खात्री करा.

जमीन आणि जॅक

घरी लागतं आणि कॅम्पवर लागत नाही, अशी तक्रार असेल तर पान्ह्याला हात लावू नका. भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर किंवा वैतरणेच्या पाण्याजवळ सपाट जागा क्वचित मिळते. लोक ट्रेलर उभा करतात, एक कोपरा खाली वाटतो आणि त्या कोपऱ्याचा जॅक फिरवून तो वर उचलतात. कोपऱ्यातले जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून दिलेले असतात, उचलण्यासाठी नाही. एकच कोपरा वर गेला की चासीला पीळ पडतो, दाराची चौकट काटकोनात राहत नाही, आणि लॅचची जीभ स्ट्रायकरच्या (चौकटीवरच्या ज्या तुकड्यात ती अडकते त्याच्या) वर किंवा खाली जाऊन आपटते. दाराच्या वरची फट बघा. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर पीळ पडलाय हे नक्की.

चारही जॅक सोडा आणि दार लावून बघा. अलगद लागलं तर तुमचा बिघाड सापडला आणि एक रुपयाही लागला नाही. यापुढे क्रम असा ठेवा. आधी ज्या बाजूचं चाक खोलगट जागेत आहे त्याच्याखाली जाड फळी सरकवून ट्रेलर आडवा सपाट करा. मग चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे किंवा दगड अडकवा. त्यानंतर पुढच्या जॅकने मागचा-पुढचा उतार काढा. सगळ्यात शेवटी कोपऱ्यातले चार जॅक जमिनीला टेकवा आणि टेकल्यावर जेमतेम अर्धा फेरा द्या. ओट्यावर पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवली तरी सपाटीचा अंदाज येतो, पाणसळ असली तर उत्तम.

घरीसुद्धा एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर ट्रेलर कलतो. तेही एकदा बघून घ्या.

खिडकी उघडून दार लावा

आपटल्याशिवाय दार लागत नसेल तर छताची झडप किंवा खिडकी उघडा आणि दार पुन्हा लावा. ट्रेलर चांगला बंदिस्त केला असेल तर आतली हवा दार लागताना कोंडते आणि शेवटच्या क्षणी त्याला बाहेर ढकलते. खिडकी उघडल्यावर दार सहज लागत असेल तर लॅच, बिजागरी, रबर सगळं ठीक आहे. कमी आहे ती हवा जायच्या वाटेची. झोपायच्या ट्रेलरला एक वर आणि एक खाली अशा कायम उघड्या जाळ्या हव्यातच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो फरशीलगत साचतो, म्हणून खालची जाळी बुजवायची नसते.

दार उघडं ठेवून लॅच चालवा

ही तपासणी मी कधीच टाळत नाही. दोन मिनिटांत तिने ठरतं की दोष लॅचचा आहे की दाराचा, आणि पुढचा सगळा खर्च त्यावर अवलंबून असतो.

दार पूर्ण उघडं ठेवा. मोटारीच्या दारात असतो तसा फिरता पंजा असलेलं लॅच असेल तर स्क्रू ड्रायव्हरची दांडी पंजात घालून तो बंद होण्याच्या दिशेला फिरवा. ‘टक’ असा एक आवाज येईल, आणखी दाबल्यावर दुसरा ‘टक’ येईल. पहिला टप्पा म्हणजे अर्धवट लागलेलं दार, दुसरा म्हणजे पूर्ण लागलेलं. मग बाहेरचं हँडल ओढा, पंजा झटकन मोकळा झाला पाहिजे. पुन्हा दोन ‘टक’ करून आतलं हँडल ओढा. चावीने कुलूप लावून आतलं हँडल पुन्हा ओढा, तेव्हाही पंजा सुटला पाहिजे.

सरक्या जिभेचं लॅच असेल तर अंगठ्याने जीभ पूर्ण आत दाबा आणि सोडा. ती एका झटक्यात पूर्ण बाहेर यायला हवी. रेंगाळत आली किंवा शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडकली तर आत धूळ आहे, किंवा बसवताना बोल्ट इतके आवळलेत की लॅचचं अंगच दबलंय.

उघड्या दारात सगळं नीट चाललं तर लॅच निर्दोष आहे. त्याला सोडा आणि दार, रबर, बिजागरी, स्ट्रायकर यांच्या मागे लागा. उघड्या दारातही अडकत असेल तर पुढचे दोन भाग तुमच्यासाठी आहेत.

‘लागल्यासारखं वाटतं आणि घाटात उघडतं’ या तक्रारीत पंजा नेहमी पहिल्याच टप्प्यावर सापडतो. पहिल्या टप्प्यावर हाताने ओढलं तर दार उघडत नाही, म्हणून मालकाला खात्री वाटते. पण त्या टप्प्यावर पंजाची पकड कमी असते आणि दार पुढे-मागे हलत राहतं. सप्तशृंगगडाच्या घाटासारख्या वळणांवर बॉडी आलटून पालटून पिळते, तेव्हा एवढी पकड पुरत नाही. दार लावताना दुसरा ‘टक’ ऐकायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, मुलांनासुद्धा.

धूळ आणि वंगण

मुरमाच्या रस्त्यावरची बारीक धूळ लॅचमध्ये बसते. तिच्यावर कुणी खोबरेल किंवा इंजिन ऑईल घातलं की त्याचा खरकागदासारखा खळ तयार होतो आणि स्प्रिंग असूनही जीभ हलत नाही. डब्ल्यूडी-४० मारून ती घाण धुऊन काढा, जुन्या टूथब्रशने खरवडा, फडक्याने कोरडं करा. डब्ल्यूडी-४० हे धुण्यासाठी चांगलं आहे, वंगण म्हणून ते फार काळ टिकत नाही. त्यामुळे कोरडं झाल्यावर पंजाला थोडं पांढरं लिथियम ग्रीस लावा. चावीच्या भोकात मात्र ग्रीस किंवा तेल नको, तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड घाला. ती मिळाली नाही तर शिसपेन्सिलचं टोक चावीच्या खाचांवर घासून चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करा.

आतल्या हँडलचा रॉड

इथे जरा थांबून वाचा. नव्याने बसवलेल्या लॅचमध्ये मला सर्वात जास्त वेळा हाच दोष सापडतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आतलं हँडल आणि लॅच यांच्यामध्ये एक बारीक रॉड किंवा चौकोनी दांडी असते. ती जरा जास्त लांब राहिली किंवा ताणून जोडली, तर हँडल न ओढताही लॅचची कळ थोडी दाबलेलीच राहते. पंजाला दुसऱ्या टप्प्यावर जायची इच्छा असते, पण कळ त्याला पूर्ण बसू देत नाही. बाहेरून सगळं नवं, चकाचक दिसतं आणि दार प्रवासात उघडतं.

तपासायचं असं. आतल्या हँडलचे स्क्रू काढा आणि रॉड लॅचपासून सोडवा. आता पंजा स्क्रू ड्रायव्हरने फिरवा. आधी एकच ‘टक’ यायचा आणि आता दोन आले तर दोष रॉडचा. रॉड पुन्हा जोडताना हँडलला सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर मोकळे मिळतील असा बसवा, म्हणजे हँडल बोटाने जरा हलवलं तर लॅच जागचं हलत नाही आणि त्यानंतर ओढ लागते. रॉडला आटे असतील तर नट फिरवून हे जमतं, साधा वाकवलेला रॉड असेल तर पक्कडीने एक हलका बाक द्यावा लागतो.

याच्या उलट दोषही असतो. दांडी आखूड पडली तर हँडल पूर्ण ओढूनही लॅच सुटत नाही, आणि हेच ते ‘आतून उघडत नाही’. इथे दाराच्या जाडीचा हिशेब करा. आपल्याकडे दार साधारण २५ मिमीच्या चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर बनतं. बाहेरून १ मिमी पत्रा, आतून ६ मिमी प्लाय लावला तर जाडी ३२ मिमी होते, १२ मिमी प्लाय लावला तर ३८. लॅच किती जाडीच्या दारासाठी आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं. ३८ साठीचं लॅच ३२ च्या दारात बसवलं तर आतला भाग सैल लटकतो आणि लोक स्क्रू पिळून पिळून तो घट्ट करायला बघतात. त्यापेक्षा लॅचपुरता सहा मिलिमीटर प्लायचा तुकडा आतून लावून जाडी जुळवा.

रबर

दार बंद करून लॅचच्या बाजूला तळहाताने जोरात दाबा. दाबल्यावर दुसरा ‘टक’ आला तर रबर जास्त जाड आहे. कॅम्पिंगसाठी बदल करताना पावसाच्या भीतीने लोक मिळेल ते सर्वात गुबगुबीत रबर लावतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाची भीती खरी आहे, पण फट आठ मिलिमीटरची आणि रबर वीस मिलिमीटरचं असेल तर दार लागणार नाही, आणि लागलं तरी लॅचवर सतत ताण राहील. पोकळ रबर दार लागल्यावर त्याच्या उंचीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दबलं की पाणी अडतं. आठच्या फटीला बारा ते सोळाचं रबर पुष्कळ झालं.

वर्तमानपत्राची पट्टी दार आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. थोड्या अडथळ्याने सरकली तर दाब बरोबर. फाटली तर जास्त. सहज निघून आली तर तिथून पाणी येणार. चारही बाजूंना, विशेषतः कोपऱ्यांना हे करून बघा. बिजागरीच्या बाजूचं रबर जाड असेल तर तिथे दार पाचरीसारखं अडतं आणि लॅचची बाजू बाहेर उघडते. लोक लॅचच्या बाजूचं रबर कापत बसतात आणि दोष समोरच्या बाजूला असतो.

हँडलच्या बाजूने दार उचला

दार थोडं उघडं ठेवा, हँडलच्या खालची कड दोन्ही हातांनी धरा आणि वर उचला. दार वर-खाली हलत असेल तर बिजागरीची पिन झिजली आहे किंवा तिचे स्क्रू सैल झालेत. उचलून धरलेलं दार सहज लागलं आणि सोडलं की लागत नसेल तर बिजागरीचं दुखणं पक्कं. स्ट्रायकर खाली सरकवून हे झाकता येतं, पण दार उतरतच राहतं आणि पुढच्या मोसमात स्ट्रायकर पुन्हा सरकवावा लागतो. तेव्हा आधी बिजागरी बघा, स्ट्रायकर नंतर.

दारावर काय टांगलंय तेही बघा. घडीचं टेबल, पाण्याचा कॅन, चपलांची जाळी, कधी कधी चक्क छोटा सिलिंडर. गंगापूर रोडच्या एका काकांच्या ट्रेलरला दाराच्या आतून लाकडी मांडणी होती, डबे-बरण्यांनी भरलेली. काकू म्हणाल्या, डबे काढले की दार लागतं, भरले की लागत नाही. निम्मं निदान त्यांनीच करून ठेवलं होतं. मांडणी भिंतीवर गेली, वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून आरपार बोल्ट टाकले, लॅचला हातही लावावा लागला नाही.

बिजागरीचे स्क्रू नुसत्या प्लायमध्ये असतील तर ते आज ना उद्या सुटणारच. रस्त्याच्या हादऱ्याने प्लायमधलं भोक मोठं होतं, पावसात ओल शिरते आणि प्लाय फुगतो. तिथे नवा मोठा स्क्रू घुसवून काही होत नाही. आरपार बोल्ट, आतून लोखंडी पट्टी, वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा), एवढंच टिकतं. दार साडेपाच फुटांच्या वर असेल तर दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावा.

जुन्या पिकअपची बॉडी घेतली असेल तर खालचा उंबरा नीट बघा. द्राक्ष-टोमॅटोची क्रेट वर्षानुवर्षं ओढून उंबऱ्याचा पत्रा मधोमध दबलेला असतो आणि दाराची खालची कड त्यावर घासते. ते घासणं लोकांना लॅचचं वाटतं.

स्ट्रायकर

दार सरळ लटकतंय, रबर बरोबर आहे, लॅच चालतंय आणि तरीही दुसरा ‘टक’ येत नाही, तर आता स्ट्रायकरची पाळी.

आधी स्ट्रायकरच्या पट्टीभोवती पेन्सिलने रेघ मारून घ्या. सरकवल्यावर मूळ जागा कुठे होती हे त्या रेघेवरूनच कळतं. मग लॅचच्या जिभेला किंवा पंजाच्या तोंडाला लिपस्टिक, नाहीतर तेलात कालवलेलं कुंकू लावा आणि दार एकदाच हळू लावून उघडा. स्ट्रायकरवर डाग कुठे पडला ते बघा. वर पडला तर स्ट्रायकर वर घ्यायचा, खाली पडला तर खाली. डाग बरोबर मधोमध असूनही दुसरा टप्पा लागत नसेल तर स्ट्रायकर ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे दाराकडे घ्यायचा. दार लागून खडखडत असेल तर उलट, आतल्या बाजूला.

एका वेळी एक ते दोन मिलिमीटरच हलवा, बोल्ट आवळा, पुन्हा डाग बघा. स्ट्रायकर आणि लॅच यांच्यात अंतर जास्त असेल तर पट्टीखाली पातळ पत्र्याचं पॅकिंग द्या. पुठ्ठ्याचं किंवा सिलिकॉनच्या थराचं पॅकिंग देऊ नका, ते दबतं. जागा जुळल्यावर बोल्टला नायलॉक नट लावा, साधा नट हादऱ्याने फिरतो.

मागच्या मोठ्या दारांना कंटेनरसारखे उभे दांडे असतील तर वरचा आणि खालचा असे दोन्ही खोबणे बघा. खालचा बहुधा ठोकर लागून वाकलेला असतो. खालचं टोक अर्धवट अडकलं तरी दांडा फिरतो आणि हँडल जागेवर बसतं, म्हणून बंद झाल्यावर खाली वाकून डोळ्यांनी बघायचं.

लॅचची बैठक

आता स्क्रू उघडायचं आणि भोकाशी खेळायचं काम आलं. दार लागलेलं असताना बाहेरचं हँडल धरून हलवा. हँडलबरोबर आजूबाजूचा पत्रा आत-बाहेर होत असेल तर लॅच पातळ पत्र्यावरच बसवलंय. पाऊण-एक मिलिमीटरच्या पत्र्यात मारलेले स्वतः आटे पाडणारे स्क्रू लॅचसाठी नसतात. आतून तीन मिलिमीटरची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची प्लेट द्या, लॅचच्या अंगापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठी. दारात थर्माकोल किंवा फोम असेल तर बोल्टाभोवती दाराच्या जाडीइतक्या नळीचे तुकडे घाला. नाहीतर बोल्ट आवळताना फोम दबतो, पत्रा खोलगट होतो आणि महिन्याभरात बोल्ट पुन्हा सैल.

बाहेरून मागवलेल्या आरव्ही (राहण्याच्या गाड्यांच्या) लॉकना साधारण पावणेतीन इंच बाय पावणेचार इंच, म्हणजे ७० बाय ९५ मिमीचं भोक लागतं. भोक मोठं कापलं गेलं असेल तर सिलिकॉन भरून ते घट्ट होत नाही, सिलिकॉन पाणी अडवतं, भार पेलत नाही. प्लेट मोठी घेऊन तिच्यात नेमक्या मापाचं भोक पाडून घ्या. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत लेझर कटिंगवाले पुठ्ठ्याचा साचा दिला तरी अशी प्लेट कापून देतात.

प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. दोन हात इपॉक्सी किंवा ऑईल पेंट द्या, मग लॅच बसवा. पावसाळ्यातच अडकणाऱ्या दाराचं कारण बहुतेक वेळा या न रंगवलेल्या कडेत असतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा बोल्ट थेट टाकला तर पाण्याच्या संगतीने त्याभोवती पांढरी पूड धरते आणि ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि थोडा सीलंट घाला. लॅचच्या वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना सीलंट लावा, खालची कड मोकळी ठेवा. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी.

आतून उघडलंच पाहिजे

बाहेरचा आडवा दांडा ठेवून शेजारी नवं लॅच बसवलेले ट्रेलर येतात. असा दांडा कुणी गमतीने ओढला, किंवा दार आपटल्यावर तो स्वतःच खोबणीत पडला, तर आतला माणूस अडकतो. नवं लॅच कितीही चांगलं असलं तरी त्या क्षणी त्याचा उपयोग नाही. मी अशा दाराचं काम घेतलं की दांड्याचं काहीतरी केल्याशिवाय ट्रेलर परत देत नाही. मुक्कामाला पोहोचल्यावर दांडा उघड्या स्थितीत पिन किंवा कुलपाने अडकवून ठेवता आला पाहिजे, म्हणजे तो बंद होऊच शकणार नाही. ते जमत नसेल तर तो काढून टाका.

काम झाल्यावर एकाने आत जावं, दुसऱ्याने बाहेरून चावीने कुलूप लावावं, आणि आतल्या माणसाने दिवा बंद करून, चाचपडत, चावीशिवाय दार उघडून दाखवावं. घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणसालाही हे जमलं पाहिजे. शिवाय माणूस बाहेर पडू शकेल अशी एक खिडकी दाराच्या समोरच्या बाजूला हवी. थंडीत बंद ट्रेलरमध्ये कोळशाची शेगडी तर कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने गुंगी आलेल्या माणसाला दार उघडायचं भानही राहत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. ट्रेलर सपाट उभा असताना, जॅक सोडलेले असताना मोजायचं. दोन्ही मापांत तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर स्ट्रायकर आणि पॅकिंगने भागतं. त्याहून बराच जास्त फरक असेल तर चौकट वाकली आहे. मग हातातलं काम थांबवा, कारण यापुढे जे काही सरकवाल ते चुकीच्या चौकटीशी जुळवाल.

बिजागरीच्या खांबाजवळ, चौकटीच्या कोपऱ्यात किंवा चासीच्या जोडावर रंगाला केसासारखी भेग दिसली, तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ आलेला असला, तर तो ट्रेलर ओढूच नका. ते काम फॅब्रिकेटरचं आहे, आणि नुसतं गेटं-ग्रिलं करणाऱ्यापेक्षा ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्याकडे न्या. त्याला चासीचा पीळ समजतो.

वेल्डिंग स्वतः करू नका, घरी मशीन असलं तरी. भिंतीतला फोम आणि थर्माकोल ठिणगीने पेट घेतात आणि पत्र्याच्या आड धुमसत राहतात, बाहेर काही दिसत नाही. वेल्डिंगला देण्याआधी सिलिंडर पूर्ण उतरवा, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवा आणि भिंतीत फोम कुठे, वायरिंग कुठे, गॅसची नळी कुठे हे कारागिराला स्वतः दाखवा. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर तेही सांगा, त्याच्या जस्ताचा धूर छातीत जाता कामा नये.

चावी कुलपात तुटली असेल किंवा कुलूप आतून जाम झालं असेल तर चावीवाल्याला बोलवा. ड्रिल चालवून कुलूप फोडलं तर लॅचबरोबर दारही जातं. आत कुणी अडकलं असेल तेव्हा मात्र चावीवाल्याची वाट बघत बसू नका, खिडकी फोडा. तेही जमत नसेल तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

आणि बॉडीला नवं दार कापायचं किंवा बॉडीचा आकार बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि अपघात झाल्यावर विमावाले हेच कागद आधी मागतात.

कारागिराकडे जाताना दोन्ही कर्णांची मापं, दाराची जाडी, लॅचचं पाकीट आणि जॅक लावलेल्या स्थितीतला दाराचा फोटो बरोबर न्या. त्याला आधी दार रबरासकट लटकवून, दोन-चार दिवस तसंच ठेवून, मगच लॅचचं भोक पाडायला सांगा. दार बसायचं तेवढं बसलं की त्या जागी पाडलेलं भोक पुन्हा हलवावं लागत नाही.